ताईंच्या दारातली पालखी

ग्रामदेवीची पालखी आमच्या गावात प्रत्येक दारापुढे थांबते. यंदा समोरच्या सुमनताईंच्या दारापुढे ती थांबेल का, हे पाहायला सगळी गल्ली उंबऱ्यात उभी होती. अंगणवाडी चालवणाऱ्या ताईंनी बचत गटाच्या बैठकीत सरळ सांगितलं होतं, "मी देव मानत नाही." तेव्हापासून त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं होतं.

पालखी थांबली. ताई रिकाम्या हातांनी दारात आल्या.

"मी हात जोडणार नाही, अण्णा."

"नका जोडू. खांदा भरून आलाय, पाणी तरी द्याल?" पुढे खांदा दिलेले गणूअण्णा म्हणाले.

"देव न मानणारीचं पाणी चालतंय व्हय?" मागून टोमणा आला.

"तहान मला लागलीय, देवीला नाही!"

गल्ली हसली. ताईंनी तांब्या आणला.

गावात 'देव नाही' म्हटलं, की लोकांना 'तुम्ही माझे नाही' असं ऐकू येतं. कुणीतरी आपल्यातून उठून गेलं, हे गावाला फार लागतं. ताई तर इथेच होत्या.

तांब्या लगेच रिकामा झाला. ताईंना बोलावणं बंद करणाऱ्या शेजारच्या काकूंनीच तो उचलला.

"मी भरून आणते. तू थांब इथं, माणसं तुझ्या दारात आलीत."