ललितची मेकफाइल

धुतलेलं ताट पुन्हा धुवायला सांगितलं की ललित लहानपणी हटून बसायचा. झालेलं काम परत कशाला? पुढे नोकरीही तशीच मिळाली. पुण्याच्या एका कंपनीत बाकीचे कोड लिहीत. त्याचे सुटे भाग जोडून, तपासून ग्राहकाला पाठवायचं सॉफ्टवेअर तयार करणं हे ललितचं काम. ‘मेक’ या जुन्या साधनासाठी त्याने एक फाइल लिहिली होती. कोणता भाग कालपासून बदलला हे मेक फाइलींवरच्या वेळेवरून ओळखायचं आणि तेवढाच नव्याने बांधायचं. त्याचे वडील गेले तेव्हा तो भुसावळला माझ्याजवळ आला. तेव्हापासून इथूनच काम करायचा.

यंदा कंपनीने सगळं क्लाउडवर नेलं. तिथे दर वेळी कोरं यंत्र मिळतं, काम झालं की पुसून टाकतात. कालचं काहीच हाताशी नाही, म्हणून मेक दर वेळी सगळं पहिल्यापासून बांधत बसायचं. त्याची प्रमुख डिंपल, वयाने बरीच लहान, म्हणाली, “ललित सर, महिनाअखेरपर्यंत हे जमवा. नाहीतर नवीन टूल, आणि त्याच्यासोबत नवीन माणसं.”

त्याने वाट काढली. बांधलेले भाग वेगळे जपायचे आणि कोऱ्या यंत्रात आणून ठेवायचे. मला म्हणाला, “आई, कानबाईचा नारळ आपण वर्षभर जपतो आणि श्रावणात पुन्हा मांडतो ना, तसंच.”

असं बांधलेलं सॉफ्टवेअर पहिल्यांदा ग्राहकांकडे जायचा दिवस नेमका आमच्या खानदेशातल्या देवीच्या, कानबाईच्या विसर्जनाचा सोमवार निघाला. आमच्याकडे घरच्या कर्त्या पुरुषाने उचलून दिल्याशिवाय कानबाई उंबरा ओलांडत नाही. तोताराम नाना, माझे दीर, त्याच्या खोलीत डोकावले.

“कानबाई दारमा उभी शे रे. तुनं यंत्र काय पयी जाई का?”

“नाना, यंत्र पळून जात नाही, पण एकदा सगळं पहिल्यापासून बांधून ताडून बघतो.”

“काल करं ना तू? मंग आज परत कसाले?”

ललित हसला. जन्मभर त्याचंही हेच म्हणणं. न ताडताच पाठवायचं बटण दाबून तो उठला.

आम्ही तापीवरून परतलो तेव्हा फोन वाजतच होता. जपलेले भाग यंत्रात परत ठेवताना त्यांच्यावर त्या क्षणाची वेळ पडली होती. चूक दुरुस्त होण्याआधी बांधलेला जुना भाग दुरुस्त कोडपेक्षा नवा दिसला, म्हणून मेकने त्याला हातच लावला नाही. दुरुस्त झालेली चूक पुन्हा ग्राहकांकडे गेली.

डिंपल रागावली नाही. नव्या माणसांना सगळा क्रम समजावून द्या, एवढंच म्हणाली. त्याने नीट समजावलं. शेवटी तिने विचारलं, “सर, तुमची फाइल काढून टाकू ना?”

“काढा. ती कालचं शोधत बसते.”

मी विचारलं, मेक आता कुठेच चालत नाही का? “चालतं गं. जिथे कालचं जागेवर राहतं तिथे चालतं. तिथे माणसं लागत नाहीत.” दुसऱ्या नोकरीसाठी दोन मुलाखती झाल्या. दोन्हीकडे नव्या टूलचा किती वर्षांचा अनुभव, हेच विचारलं.

अजूनही सकाळी आंघोळ करून तो खोलीत जातो आणि दार लावून घेतो. मी चहा घेऊन दाराशी थांबते. आतून कळफलकाचा आवाज येत नाही.