बर्टच्या फोटोला घातलेला हार

हसणार नसाल तर सांगते. नाही, हसणारच तुम्ही. तेवढा चहा आधी संपवा, नाकातून यायला नको.

तर असं बघा. ऑस्ट्रेलियातल्या ज्या छोट्या गावात आम्ही राहतो, तिथे आजही मी सुपरमार्केटमध्ये शिरले की दोन-चार जण हातातला ब्रेड खाली ठेवतात, टोपी काढतात आणि मान खाली घालून गप्प उभे राहतात. चांगलं मिनिटभर! मग खो खो हसत सुटतात. पेट्रोल पंपावरचा माणूस तर हातातली नळी सोडून उभा राहतो. गावाचं नाव सांगत नाही. तिथे मराठी कुटुंबं आम्हाला धरून तीन, तुम्ही लगेच ओळखाल.

मी पुण्यात इतिहास शिकवायचे. ज्युनिअर कॉलेजात, पण तोरा युनिव्हर्सिटीचा. लग्नानंतर आम्ही आधी सिडनीत, क्वेकर्स हिलला होतो. मग मंदारला, म्हणजे आमच्या ह्यांना, खाणीत इंजिनियरची नोकरी लागली आणि कढीपत्त्याच्या कुंडीसकट बिऱ्हाड उचलून आम्ही या लाल मातीत आलो. चार वर्षांत इतिहासाबद्दल मला कोणी चकार शब्द विचारला नव्हता. मुलाखतीत 'एम.ए. हिस्टरी' म्हटलं की लोक 'ओ, लव्हली' म्हणायचे आणि पाणी प्यायचे.

शेवटी काम मिळालं ते कुठे? गावातल्या रेसकोर्स आणि कसिनो चालवणाऱ्या कंपनीत! रिसेप्शनवर, तीन महिने प्रोबेशन.

आता पुण्यातल्या सासूबाईंना हे कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांना पत्त्यांतलं फक्त पाच-तीन-दोन मान्य, तेही कोजागिरीला, दूध आटेपर्यंत. मी फोनवर म्हटलं, "आई, एका जुन्या संस्थेत लागलेय." खोटं काय होतं त्यात? जुनी तर होतीच.

दोन महिने झाले असतील. आमची मॅनेजर शेरिल टेबलाशी येऊन म्हणाली, "मृणाल, तू हिस्टरी शिकवायचीस ना? कंपनीला पन्नास वर्षं होतायत. फंक्शनला पाच मिनिटांचं भाषण कर, मग त्याचंच बुकलेट छापू. नीट झालं की प्रोबेशन संपलं समज, डार्ल."

मला भरूनच आलं हो! नोकरी पक्की होणार हे तर होतंच, पण मी जे शिकले ते कोणाला तरी हवं होतं. घरी जाऊन मी मंदारला शिरा करून घातला.

तबेल्यामागच्या खोलीत जुने खोके होते. लिदीचा वास सहन करत मी एकेक कागद वाचला. आणि काय माणूस सापडला म्हणून सांगू! बर्ट त्याचं नाव. ओसाड माळावर स्वतः ट्रॅक्टर फिरवून त्याने शर्यतीची वाट आखली. पहिल्या शर्यतीत सात घोडे धावले, त्यातला एक धावतच राहिला आणि तिसऱ्या दिवशी सापडला. वादळात प्रेक्षकांच्या स्टँडचे पत्रे उडाले, तर बर्टने गावभर फिरून लोकांच्या परसातून ते गोळा केले. एका बाईने त्यात कोंबड्यांचं खुराडं करून टाकलं होतं, तिला तो म्हणाला, पत्रा दे, कोंबड्यांना स्टँडमध्ये फुकट पास देतो. पुढे त्या ट्रॅकशेजारी कंपनीने कसिनो बांधला. मऊ गालिचे, लखलखाट, दिवसरात्र टिंगटिंगणारी मशीनं. आणि नेमकं त्याच वर्षापासून कागदांवरची बर्टची सही गायब!

आता रेसकोर्सवरच्या हॉलच्या दाराशीच बर्टचा भलामोठा फोटो होता. काळ्याभोर मिशा, डोईवर घनदाट केस. फोटोवर छोटा दिवा कायम चालू. खाली पितळी पट्टी, आणि पट्टीखाली एक फळी. दर शर्यतीच्या दिवशी आमचा बारमन केव्ह त्या फळीवर बिअरचा भरलेला ग्लास ठेवायचा. कोणी त्याला हात लावायचा नाही!

सांगा बरं, फोटो, वर दिवा, पुढ्यात त्या माणसाच्या आवडीचा पदार्थ. तुम्ही काय समजला असता? आपल्याकडे पितृपंधरवड्यात पान वाढतात की नाही? मला तर डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, बघा, परक्या मुलखातले लोक, पण पितरांना विसरले नाहीत.

मंदार म्हणाला, "अगं, कोणाला एकदा विचारून तर घे, कधी गेले, कशाने गेले."

"विचारायचं काय त्यात? भिंतीवरच्या फोटोला कोणी विचारतं का, आजोबा, आहात ना म्हणून? सही थांबली आहे, फोटो लागला आहे, पान वाढलं जातंय. पुराव्यांवर पुरावे आहेत माझ्याकडे!"

"बरं बाई," म्हणाला. शिऱ्याचा परिणाम.

शेरिलने एकदा भाषण वाचायला मागितलं. मी म्हटलं, "सरप्राईज!" ती म्हणाली, "नो वरीज." वरीज पुढे होत्या, पण ते तिला काय माहीत.

फंक्शन शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, शर्यती संपल्यावर. परसात दसऱ्यासाठी लावलेला झेंडू मी अख्खा तोडला आणि हार ओवला. खरी ज्योत चालणार नव्हती म्हणून बॅटरीचा दिवा आणला. बर्टच्या फोटोला हार घालून, दिवा ठेवून नमस्कार केला. येणारे-जाणारे म्हणत होते, "ओ, प्रीटी!" केव्हने ग्लास ठेवला तो हाराच्या बरोबर खाली. इतकं साग्रसंगीत झालं की काय सांगू.

भाषणाला दहा मिनिटं होती. तबेल्याकडच्या दाराने एक म्हातारे गृहस्थ आत आले. टक्कल, गुळगुळीत दाढी, जाड चष्मा, हातात मोठी हॅट. शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसले. एकटेच आहेत असं बघून मी चहा नेऊन दिला.

त्यांची नजर त्या हाराकडे होती. "हे काय आहे, लव?" इथली म्हातारी माणसं सगळ्यांनाच लाडाने 'लव' म्हणतात.

"आमच्याकडची पद्धत आहे. थोर माणसांचा मान करतो आम्ही. तुम्ही ओळखायचात बर्टना?"

"थोडंफार."

"चांगले होते ना?"

म्हातारबा चहाचा घोट घेऊन म्हणाले, "मतभेद आहेत."

मी सुस्कारा टाकला. "गेले बिचारे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अगदी हळू विचारलं, "कसा गेला गं?"

आता मला कुठे माहीत होतं? पण इतिहासाच्या बाईने 'माहीत नाही' म्हणायचं? आणि म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं कशाला? मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "झोपेत. काही त्रास झाला नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "मला त्याचीच काळजी होती."

मग मी माइकपाशी गेले. साडी नेसले होते, आवाज लागला होता. ट्रॅक्टर, हरवलेला घोडा, खुराड्याचे पत्रे, एकेक प्रसंग असा रंगवला की लोक टाळ्या वाजवत होते. मग मी स्वर खाली आणला. "ज्याने हे सगळं उभं केलं, तो आज आपल्यात नाही."

हॉलमध्ये एकदम सन्नाटा. वा, म्हटलं, भिडलं!

"पण तो कुठून तरी आपल्याकडे बघतो आहे." मी बोट छताकडे केलं. लोक मात्र वर न बघता मागे वळून बघत होते. टोकाला शेरिल गळ्यावरून सारखा हात फिरवत होती. मला वाटलं, वेळ संपत आली. केव्ह बारमागे खाली बसला होता, त्याची नुसती हलणारी टोपी दिसत होती. मला वाटलं, हुंदका अनावर झाला.

"आपण सर्वांनी एक मिनिट उभं राहून बर्टना श्रद्धांजली वाहू या."

आणि उभे राहिले हो सगळे! एकेक करत, एकमेकांकडे बघत, पण राहिले. शेवटच्या रांगेतले म्हातारबाही गुडघ्यावर हात टेकत उठले, हॅट छातीशी धरली, मान खाली घातली. त्या मिनिटात एकाच्याही तोंडून शब्द नाही. नुसते खांदे हलत होते. आमच्या कॉलेजात इतकं शिस्तीचं मिनिट मी कधी पाहिलं नाही.

मी "धन्यवाद" म्हटलं. म्हातारबा मधल्या वाटेने सावकाश चालत आले, फोटोपाशी थांबले, फळीवरचा ग्लास उचलला आणि एका दमात अर्धा केला.

"भाषण फारच छान झालं, लव," मिशांवरचा फेस पुसल्यासारखं करत ते म्हणाले. मिशा नव्हत्याच. "मला माहीतच नव्हतं मी इतका चांगला होतो."

पुढे काय झालं विचारू नका. अख्खा हॉल हसून हसून कोसळला. मी धरणीमातेला पोटात घे म्हणत होते, पण खाली जाड गालिचा.

घरी येऊन मी ढसाढसा रडले. नोकरी गेली, ती गेलीच. त्याहून लागलं ते हे, की चार वर्षांनी कोणी इतिहास विचारला आणि मी त्यात चालताबोलता माणूस मारला! मंदार पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "झोपेत मारलास ना, त्रास नाही झाला त्यांना." उशी फेकून मारली मी त्याला.

सोमवारी राजीनामा लिहून घेऊन गेले. शेरिलच्या केबिनमध्ये बर्ट बसलेले! तेव्हा कुठे मला खरा इतिहास कळला. घोड्यांशेजारी मशीनं आणायला बर्टचा विरोध होता. ते म्हणायचे, घोडा निदान घाम गाळून तुमचे पैसे घालवतो. कंपनीने ऐकलं नाही. बर्ट तडक उठले आणि लेकीकडे, समुद्राकाठच्या गावी निघून गेले. जाताना म्हणाले, इथे पुन्हा बिअरचा थेंबसुद्धा पिणार नाही. केव्ह मात्र दर शर्यतीला ग्लास भरून ठेवायचा, न जाणो, आले तर. शेरिल दरवर्षी आमंत्रण पाठवायची, उत्तर कधी आलं नाही. गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, म्हणून मला सांगायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि मी विचारलं नाही, कारण मी विदुषी!

बर्टनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हे मी वाचणार होतो परवा. भांडायलाच आलो होतो. सगळ्यांची नावं घालून लिहून आणलं होतं." मग कागद फाडून शेरिलच्या टोपलीत टाकला. "पण जे लोक आपल्यासाठी मिनिटभर उभे राहिले, त्यांच्याशी भांडायचं कसं?"

शेरिलने डोळे पुसले. मीही पुसले, खरंच पुसले. बर्ट म्हणाले, "या मुलीला सोडू नकोस. भाषण तयार आहे तिचं. फक्त थोडी घाई केली."

झाली नोकरी पक्की! इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का?

पण मी त्यांना सांगून बसले होते ना, हार म्हणजे थोर माणसांचा मान! सहा महिन्यांनी बुकलेट छापून आलं, आणि सगळ्यांनी मिळून मला सरप्राईज दिलं. हॉलमधून कसिनोत जाणाऱ्या बोळात माझा मोठा फोटो. वर दिवा. फोटोला ऑनलाइन मागवलेला प्लास्टिकच्या झेंडूचा हार. आणि खाली फळीवर चहाचा कप! शेरिलने त्या सगळ्याचा फोटो काढून मला आणि मंदारला टॅग करून फेसबुकवर टाकला. मी हसून हसून बेजार. मंदारच्या यादीत कोण कोण आहे, हे मात्र डोक्यातच आलं नाही.

रविवारी मंदार आंघोळीला गेला होता. त्याचा फोन वाजला, मी उचलला. पलीकडून हंबरडाच! "मंदार, बाळा, कधी झालं रे हे? कळवलंसुद्धा नाहीस आम्हाला!"

"आई, मी बोलतेय. मृणाल."

पलीकडे शांतता. बरोबर एक मिनिट.

मग सासूबाई रडल्या, हसल्या, सासऱ्यांना ओरडून म्हणाल्या, "अहो, आहे ती, आहे! देवापुढे साखर ठेवा!" मला गहिवरून आलं. इतका जीव आहे यांचा माझ्यावर, हे मला कधी कळलंच नव्हतं, आणि तसं मी त्यांना सांगितलंही.

"अगं पण मृणाल," त्यांचा आवाज जरा बदलला. चष्मा लावला असणार. "मी आता फोटो मोठा करून बघतेय. तुझ्या त्या जुन्या संस्थेत मागे ते लाल-काळ्या घरांचं चाक कसलं गं? आणि भोवती ही माणसं कशाला जमलीत?"

फोटोला हार होताच. जीव घ्यायचं उरलेलं काम सासूबाईंनी पुढच्या पाऊण तासात पूर्ण केलं.