हेफेलेबाईंचा आठवडा

मी क्रोएशियातून श्टुटगार्टला राहायला आले तेव्हा ह्या बिल्डिंगमध्ये मला मिळालेली पहिली भेट म्हणजे माझीच फुटकी बादली. आदल्या दिवशी मी ती पिवळ्या डब्यात टाकली होती. प्लास्टिकची बादली, प्लास्टिकचा डबा, मला वाटलं झालं काम. सकाळी दार उघडलं तर बादली दारात, आणि बादलीमागे समोरच्या दारातल्या गेर्लिंडे हेफेले.

"ह्या बादलीत तुम्ही दुकानातून काय घालून आणलं होतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. बादलीच आणली होती."

"मग ही वेष्टन नव्हे. पिवळा डबा वेष्टनांचा आहे. दह्याचा कप चालेल. बादली म्हणजे बादली."

त्यांच्या बोलण्याचा मला एवढा राग आला नाही. परत करण्याआधी बाईंनी ती बादली घासून लख्ख केली होती, त्याचा आला. इतकी स्वच्छ बादली टाकवेना, म्हणून मी तिच्यात जिरेनियम लावलं. ते अजून माझ्या बाल्कनीत आहे.

बाई ह्याच गल्लीत जन्मल्या. गावातल्या मोठ्या दुकानात बटणांच्या काउंटरवर उभं राहून त्यांनी आयुष्य काढलं. कोटाचं एक बटण हरवलं की लोक त्यांच्याकडे येत आणि बाई खणात हात घालून त्याचा जुळा भाऊ काढून देत. निवृत्त झाल्यावर ते सगळं लक्ष कचऱ्यावर वळलं. दह्याचा कप त्या असा धुवायच्या की त्यात पाहुण्यांना कॉफी द्यावी. त्यांचा नवरा ऑयगेन, देवमाणूस, हयात असताना जिन्यात मला म्हणायचा, "मी मेलो की मला कुठल्या डब्यात टाकायचं, ते हिने आत्ताच ठरवून ठेवलंय."

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी माणसं सगळीकडे असतात. बाई वाकून पाहायच्या खऱ्या, पण आपलं कधी झाकलं नाही. त्यांचा कचरा कुणीही तपासावा, आणि शक्य झालं तर कौतुक करावं.

आणि ती पाटी. आमच्याकडे झाडलोटीचा आठवडा असतो. ज्या दाराच्या मुठीला पाटी लटकेल त्या घराने त्या आठवड्यात जिना झाडायचा, आवार झाडायचं, डबे रस्त्यावर नेऊन परत आणायचे. मग पाटी पुढच्या दारावर जाते. मला पाटी दिसली की मी दार पुन्हा लावून घेते. बाई मात्र पाटी आली की केस नीट करून झाडू हातात घ्यायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्या बर्फावर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. वसंतात काठी टेकत परत आल्या. डोळ्यांत मोतीबिंदूही पिकत होता. एकदा जिन्यात टांगलेल्या रेनकोटला त्या म्हणाल्या, "काय साहेब, आज गप्पगप्प?" रेनकोट होता तळमजल्यावरच्या डेटलेफसनसाहेबांचा, आणि साहेब नेमके मागे उभे होते.

डेटलेफसनसाहेब उत्तरेकडचे, समुद्रकाठचे. उभा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवली. अजूनही जिन्यात कुणी धडकलं की म्हणतात, "आधी आरसा, मग वळण!" माणूस वाईट नाही. पण शेजारच्या सीटवर बसून ब्रेक दाबायची सवय सुटलेली नाही.

मे महिन्यात, ऐन शतावरीच्या भाजीच्या हंगामात, तपकिरी डब्यावर लाल चिठ्ठी लटकली. तपकिरी डबा ओल्या कचऱ्याचा. त्यात प्लास्टिक सापडलं म्हणून कचरेवाल्यांनी तो रिकामाच केला नाही. पाटी त्या वेळी बाईंच्या दारावर होती. तीन दिवसांनी, पाटी अजून तिथेच असताना, पुन्हा लाल चिठ्ठी. डब्याला असा वास सुटला की तिसऱ्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याने खिडक्या लावून घेतल्या.

साहेबांनी खटला चालवला नाही, थेट निकाल दिला. "बाईंना दिसत नाही. माझ्या रेनकोटला नमस्कार करतात त्या! डबा काय ओळखणार?" त्यांनी बाईंच्या दारावरची पाटी काढून स्वतःच्या घरात नेली आणि बाईंच्या मुलीला, उल्रिकेला, हॅम्बुर्गला फोन केला.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली ती तेव्हा. उल्रिकेने हॅम्बुर्गला एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीच होती, फक्त आईचं मन वळत नव्हतं. आता तिला कारण मिळालं. ज्याला डबे ओळखता येत नाहीत त्याला एकटं राहता येत नाही, इतकं सरळ गणित आहे इथे.

त्या संध्याकाळी बाई माझ्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. "यासेंका," त्या म्हणाल्या, "मी चुकले असेन का गं?" इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मला 'अगं-तुगं' केलं होतं. इकडे शेजारी जन्मभर अहोजाहोच करतात. मला रडू आलं. मी म्हटलं, "तुम्ही आणि चुकणार? मग तर मी बादली परत टाकते!" त्या हसल्या नाहीत.

शनिवारी उल्रिके आली. साहेबांनी तिला आवारात नेलं, बाई काठी टेकत मागून आल्या, मी त्यांच्या शेजारी. तरुण जोडपंही खाली उतरलं. साहेबांनी नाक धरून झाकण उघडलं. वर एक बुळबुळीत, काळपट झालेली पिशवी, गाठ मारलेली.

"हे बघा," साहेब उल्रिकेला म्हणाले. "तुमच्या आईचं काम."

"माझी नाही ती," बाई म्हणाल्या. "मी पेपरात गुंडाळते."

"आई, तुला आठवत नसेल," उल्रिके हळूच म्हणाली. ते 'हळूच' ऐकून माझं रक्त खवळलं.

"अहो, मग उघडून बघा ना आत काय आहे!" मी म्हटलं.

साहेब डब्यासमोर हात पसरून उभे राहिले. "अजिबात नाही! दुसऱ्याची कचऱ्याची पिशवी उघडायची नाही. ते दुसऱ्याचं पत्र फोडण्यासारखं आहे. नियम म्हणजे नियम."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हे आमच्याकडे पटतंच. डब्याचं झाकण उघडून बघणं वेगळं, पण गाठ मारलेल्या पिशवीला हात? छे. म्हणून तर दोनदा लाल चिठ्ठी लागूनही कुणी आत पाहिलं नव्हतं.

बाईंनी काठी माझ्या हातात दिली आणि खिशातून रबरी हातमोजे काढले.

"डेटलेफसनसाहेब, ही पिशवी माझी आहे असं तुम्ही म्हणता ना?"

"म्हणजे काय! तुमचीच."

"नक्की?"

"शंभर टक्के."

"मग माझी पिशवी मी उघडते. सरका."

नियम त्यांचाच होता, आणि त्यात कुठेच फट नव्हती. ते सरकले.

बाईंनी गाठ सोडली. वास आला तो सांगत नाही. त्यांनी हात आत घातला, बोटांनी चाचपलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी बटणांच्या काउंटरवरची बाई बघितली.

"बटाट्याच्या साली. कच्च्या," त्या म्हणाल्या. "मी बटाटा सालीसकट उकडते, मग सोलते. माझ्या आईने तसाच केला, तिच्या आईने तसाच केला. माझी साल कागदासारखी निघते. उल्रिके, तू विसरली असशील, तर तसं सांग."

उल्रिकेला आठवत होतं, ते तोंडावर दिसलं.

"पण कच्चा बटाटा यासेंकाबाई पण सोलतात," साहेब घाईने म्हणाले.

"मी सोलते ना," मी म्हटलं. "निम्मा बटाटा सालीबरोबर जातो. माझ्या आईने ह्यावरून मला मरेपर्यंत नावं ठेवली." तरुण जोडप्याने लगेच सांगून टाकलं की त्यांच्या घरात बटाटा येतो तो तळलेलाच, खोक्यातून.

तेवढ्यात बाईंनी हात वर केला. बोटांतून एक साल लोंबत होती. पातळ, एकसारखी, कुठेही न तुटलेली, बटाट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच फीत. त्यांनी दुसरी काढली. तीही तशीच.

गेल्या उन्हाळ्यात ह्याच आवारात आम्ही सगळे एकत्र जेवलो होतो. तेव्हा डेटलेफसनसाहेबांनी एकामागून एक बटाटे न थांबता, एका फितीत सोलून दाखवले होते. एक फीत तर माझ्या कानाला झुमक्यासारखी अडकवली होती. "अख्ख्या दक्षिणेत हे कुणाला जमणार नाही," असं वर म्हणाले होते.

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी सालीकडे पाहिलं.

"माझी आहे," ते म्हणाले. आणि खरं सांगते, आवाजात थोडा अभिमान होता. मग ते कळवळून म्हणाले, "पण माझ्या पिशव्या विरतात! पाकिटावर लिहिलंय, खत होतं म्हणून. ही विरली नाही, म्हणजे माझी नाही, असंच मला वाटलं हो!"

बाईंनी अंगठ्याने पिशवीवरचा चिखल पुसला. खालून छोटं हिरवं पान उमटलं, खत होणाऱ्या पिशव्यांवर असतं ते.

"छापलेलं पान आहे साहेब. कचरेवाल्यांना ही पिशवी प्लास्टिकच," त्या म्हणाल्या. मग त्यांच्याकडे वळून, अगदी त्यांच्याच सुरात: "आधी आरसा, मग वळण."

तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा हसला, मग त्याची बायको, मग मी, आणि शेवटी साहेबसुद्धा. हसता हसता त्यांचे कान लालबुंद झाले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेला माणूस स्वतःच चोर निघाला होता. पण त्याने ते सगळ्यांसमोर कबूल केलं, हेही मी त्याच्या खात्यावर लिहिते.

ते घरात गेले, पाटी घेऊन आले, आणि आमच्या सगळ्यांच्या पुढे जिना चढले. बाईंच्या दाराच्या मुठीला त्यांनी पाटी अडकवली, सरळ आहे की नाही ते एक पाऊल मागे जाऊन बघितलं, आणि म्हणाले, "हेफेलेबाई, मी माफी मागतो. आणि एक जुना पेपर मिळेल का? साली गुंडाळायला."

"दोन घ्या," बाई म्हणाल्या. "तुमच्या फिती लांब असतात."

उल्रिके जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती, पर्स मांडीवर, डोळे भरलेले. "आई," ती म्हणाली, "त्या खोलीचं मी... मी त्यांना नको म्हणून सांगते."

बाईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या आत गेल्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा केस नीट बसवलेले होते, एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात झाडू.

"सांग, सांग," त्या म्हणाल्या. "पण आधी पाय उचल, उल्रिके. माझा आठवडा आहे."