कुलूपवाल्या ताईंची बोटं

कुलूप उघडताना ताई डोळे मिटून घ्यायच्या. एका हातात वाकवलेली तार, दुसऱ्यात चपटी पट्टी. आतली एकेक पिन वर सरकली की बोटाला बारीकसा ठोका लागायचा. तीस वर्षं त्या ठोक्यावरच त्यांचं नाव चाललं होतं.

त्या दिवशी शाळेच्या एका कपाटाशी अर्धा तास झटल्या, पण बोटांना काही कळेचना. जाड हातमोजे चढवल्यासारखी ती बधिर झाली होती. डोळे मिटले तर तोलही जाऊ लागला. शेवटी दुकानातला भागीदार, त्यांचा धाकटा भाऊ, ड्रिल घेऊन आला आणि कुलूप फोडून मोकळा झाला.

"ताई, आता तू काउंटर सांभाळ. उघडायचं मी बघतो."

"उघडायचं? फोडायचं म्हण. फोडायला चोरही चालतो."

भाऊ हसला खरा, पण दुसऱ्या दिवशी ताईंच्या तारा खालच्या खणात गेल्या होत्या. ताईंनी त्या परत वर काढून ठेवल्या आणि तडक दवाखाना गाठला.

डॉक्टर म्हणाले, "वय झालं, बाई."

"ते मला घरीच माहीत होतं. त्यासाठी तासभर रांगेत बसले नव्हते."

डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या साध्या गोळ्या लिहून दिल्या. तीन महिने ताईंनी त्या नेमाने घेतल्या. मुंग्या मात्र तळपायांवरून पोटऱ्यांपर्यंत चढल्या. जीभ लालभडक आणि गुळगुळीत झाली, दोन घास खाल्ले तरी पोट दगडासारखं जड. ताई पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसल्या.

"गोळ्या बदलून देतो," डॉक्टर म्हणाले.

"किल्ली बरोबर असून फिरत नसेल तर आम्ही कुलूप तपासतो. तुम्ही माझं पोट तपासा. मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी मिळाल्याशिवाय मी उठणार नाही."

बाहेर रांग खोकत होती. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून चिठ्ठी लिहिली.

मोठ्या हॉस्पिटलातल्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुर्बीण घातली आणि सरळ सांगितलं, "जठराचं अस्तर झिजलंय. बी-ट्वेल्व्ह शोषायला तिथून एक पदार्थ पाझरावा लागतो, तो तुमच्यात जवळजवळ बनतच नाही. कमी ताकदीच्या गोळ्या नुसत्याच पोटातून गेल्या. आता इंजेक्शनं, तीही जन्मभर."

"आणि बोटं?"

"बरीच सुधारतील. पूर्ण बरी होतील असं नाही सांगत. उशीर झालाय."

"उशीर मी नाही केला," ताई म्हणाल्या आणि बाही वर केली.

चार महिन्यांनी डाव्या हाताला जाण आली. उजवी तर्जनी मात्र ढिम्म. मग ताईंनी तीस वर्षांची सवय मोडून तार डाव्या हातात धरली. दुकानातली झाडून सगळी जुनी कुलपं त्यांनी शंभरदा उघडली, शंभरदा लावली. भाऊ म्हणायचा, "या वयात पाटी-पेन्सिल कशाला?" ताई पुढचं कुलूप ओढून घ्यायच्या.

एका दुपारी शेजारच्या छापखान्याचा मालक दाराबाहेर अडकला. भावाने अवजारांची पेटी उचलली, तशी ताईंनी ती त्याच्या हातून घेतली आणि स्वतः दारापाशी बसल्या. मालक घड्याळ बघून उसासे टाकत होता. दोनदा तार निसटली. तिसऱ्यांदा पाचवी, शेवटची पिनही सरकली आणि दार उघडलं.

"चाळीस मिनिटं लागली, ताई," भाऊ म्हणाला.

"पुढच्या वेळी पस्तीस लागतील." आणि ताई इंजेक्शन घ्यायला दवाखान्याकडे निघाल्या.