मागचा लाल दिवा

मी परसात मेथीच्या जुड्या बांधत होते, तेव्हा शेजारची सुमन हातात फोन धरून पळत आली आणि माझ्यापाशी येऊन थांबली. मीच विचारलं, "काय गं?" तशी म्हणाली, "काकू, आप्पा न्हावऱ्याच्या पुढं गाडीत निपचित पडल्यात म्हनं. लोकांनी दवाखान्यात नेलंय." मी हातातली जुडी नीट बांधली, पाटीत ठेवली, मगच उठले... माणूस अशा वेळी असं का करतं, कोण जाणे. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, आणायच्या आधीच गेले होते.

आप्पा म्हणजे माझे मालक. मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. आमचा सागर त्यांना आप्पा म्हणायचा, तेच मीही म्हणत आले. आमची वस्ती शिरूरजवळ, घोडनदीच्या कडेला. आपली आणि शेजाऱ्यांची भाजी पिकअपमध्ये भरून आप्पा न्हावऱ्यावरून दौंडच्या बाजाराला न्यायचे. माणूस फार बोलका. बाजारातल्या बायका म्हणायच्या, "आप्पा, मेथीपेक्षा तुमची बडबडच ताजी हाय!" मी आपली बुजरी. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण गुरुजींनी विचारलं की उत्तर येत असूनही खाली बघायचे. लग्नानंतरही चारचौघांत तोंड उघडलं नाही. एक शब्द मात्र मला रोज मोठ्यानं बोलावा लागायचा. एकदा धुक्यात एक ट्रॅक्टर आमच्या गाडीला मागून धडकता धडकता राहिला होता, तेव्हापासून आप्पांनी नेम केला होता. निघायच्या आधी ते आत बसून ब्रेक दाबायचे आणि मी मागं उभी राहून लाल दिवा बघायचा. "लागला का?" "लागला!" हळू बोलले तर मुद्दाम परत विचारायचे. "आगं, दौंडच्या बाजारात ऐकू जाऊ दे की!" शेजारीपाजारी हसायचे, मी पदर तोंडाला लावून आत पळायचे.

शेवटच्या आठवड्यात स्टेअरिंगसमोरच्या काट्यांपाशी एक पिवळा दिवा लागायला लागला होता. त्यावर इंजिनाचं चित्र. कधी लागे, कधी आपोआप जाई. आप्पा त्याच्या काचेवर टिचकी मारून म्हणत, "काय रं, तुला काय दुखतंय?" त्या दिवशी निघताना त्यांनी सागरला विचारलं, "गॅरेजवाल्या गुलाबभाईला दावू का आधी?" सागर भाजीचे कॅरेट गाडीत चढवत होता. म्हणाला, "पिवळाच हाय आप्पा, चालतंय. आल्यावर दावू." आप्पा गेले...

सगळं उरकल्यावर सागर भावकीतल्या दोघांना घेऊन गाडी आणायला गेला. किल्ली बंद होती, हँडब्रेक ओढलेला होता. पण किल्ली फिरवली तर गाडीत जीवच नाही, साधा आवाजसुद्धा नाही. ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. तेव्हा कोणीतरी सहज बोलून गेलं, "गाडी बंद पडली आसंल. उन्हात ढकलाढकली केली आसंल आप्पानं, आन् मग बसला आसंल जाऊन." बोलणारा बोलून गेला, पण सागरच्या मनात ते रुतलं. त्याचं जेवण तुटलं. ताटावर बसायचा आणि भाकरी कुस्करून उठायचा. गाडीकडे पाठ करून झोपायचा. एक दिवस मला म्हणाला, "आई, इकून टाकू ती. मीच म्हणालो ना, चालतंय, जा म्हणून." गाडी बंद पडली होती की नाही, मलाही ठाऊक नव्हतं. नवरा गेला होता आणि आता पोरगंही हातातून चाललं होतं.

तेराव्यानंतर गुलाबभाई भेटायला आले. शिरूरला त्यांचं गॅरेज आहे. आप्पांची आणि त्यांची जुनी दोस्ती, एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही. त्यांनी सागरचं तोंड बघितलं आणि काही न विचारता आपल्या गाडीतून बॅटरी आणि बिघाड शोधायचं मशीन काढलं. गाडीला बॅटरी जोडली. स्टेअरिंगच्या खाली मशीनची वायर लावली. सागर लांब उभा होता. मी दारात.

"ब्रेकच्या बिघाडाचा कोड दावतंय," गुलाबभाई म्हणाले.

सागर धावत जवळ आला. "ब्रेक? म्हंजी आप्पांचा ब्रेक..."

"आरं, ऐकून तर घे! ब्रेक न्हाई, ब्रेकचं बटन. पायापाशी आसतंय, मागचा लाल दिवा लावायला. तुझा पिवळा दिवा त्याच्यामुळंच. ब्रेक तुझा बैलासारखा घट्ट हाय, ये, दाबून बघ. इंजिन बंद पडावं असा एकबी कोड न्हाई हितं."

"मग बॅटरी कशी उतरली?"

गुलाबभाई मागं गेले. आत कोणी नाही, किल्ली बंद, तरी लाल दिवा जळत होता. ते म्हणाले, "बटन अडकलंय, त्यानं उतरली आसंल. पण कवा अडकलं, आप्पा निघायच्या आधी का ट्रॅक्टरनं वढताना, त्ये मशीन सांगत न्हाई बाबा. वढताना अडकलं आसंल, तर बॅटरी त्याच्या आधीच गेली व्हती म्हनायची."

तेव्हा मी बोलले. "भाई... आधीच अडकलं व्हतं."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी खाली न बघता सांगितलं. त्या दिवशी मी "लागला" म्हटल्यावर आप्पा दोरी आवळायला खाली उतरले होते. माझ्या शेजारी उभे होते आणि दिवा तसाच लाल होता. मला वाटलं, उन्हानं काच चमकत असेल.

गुलाबभाईंनी सागरच्या पाठीवर हात ठेवला. "मग मिटलं की रं. गाडी बंद पडली न्हाई. तुझ्या बापानं स्वतःच्या हातानं कडेला घेतली, बंद केली, हँडब्रेक वढला. गाडी उभी ऱ्हायल्यावर ह्या दिव्यानं जळून जळून बॅटरी खाल्ली. काय ढकललं न्हाई आन् काय न्हाई. मशीनला जे ठाव नव्हतं, ते वहिनीनं सांगितलं." सागर रडला. आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा रडला. त्या रात्री त्यानं मागून घेऊन दुसरी भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी गुलाबभाईंनी नवं बटन बसवलं, कोड पुसला आणि म्हणाले, "पुसला म्हंजी झालं न्हाई. लांब फिरवून आणा, दिवा परत येतोय का बघा." सागरनं मला शेजारी बसवलं आणि गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला घातली. ती जागा त्यानं दाखवली. डांबरी रस्ता सोडून खाली, एका कडुलिंबाच्या सावलीत. गाडी उभी करायला आप्पांनी चांगली सावली बघितली होती... उन्हात नव्हते ते. मी उतरून त्या सावलीत जरा बसले, मग आम्ही परत निघालो. घरी येईपर्यंत पिवळा दिवा लागला नाही.

आता सागर दौंडला जातो. निघायच्या आधी आत बसून ब्रेक दाबतो आणि ओरडतो, "आई, लागला का?"

"लागला!" मी म्हणते. पण तिथून हलत नाही. त्यानं पाय काढेपर्यंत काचेकडे बघत राहते, आणि मग आणखी एक शब्द बोलते, शेजारच्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"इझला!"