साडेपाच तास

नारायण तायडे. हे नाव आधी लिहितो, कारण आईवडिलांनंतर माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार या माणसाचे आहेत. आणि पुढे जे लिहितोय ते मी चार वर्षं कोणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. अकोल्याचा विषय निघाला की तुम्ही गप्प का होता, असं ती विचारते. मी म्हणतो, तिथलं ऊन आठवतं.

मी पातूरचा. घरी फुलांची शेती. वडील शेवंती आणि झेंडू अकोल्याच्या बाजारात न्यायचे. सातवीच्या पुढे घरात कोणी शिकलेलं नव्हतं. अकोल्याच्या कॉलेजला कॉम्प्युटरच्या शाखेत नंबर लागला तेव्हा मी कॉम्प्युटर जवळून पाहिलेलाही नव्हता. माउस कुठल्या हाताने धरायचा हे मी शेजारच्याकडे बघून ठरवलं. तो डावखुरा होता. महिनाभर मी डाव्या हाताने माउस चालवला, आणि वर्गात कोणाच्या ते लक्षात आलं नाही.

भाऊंच्या आलं. ते कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये परिचर होते. तायडे भाऊ म्हणायचे सगळे, प्राचार्यसुद्धा. "डावा हायेस का बे?" मी नाही म्हटलं. त्यांनी माउस उचलून उजवीकडे ठेवला आणि पुढे निघून गेले. हसले नाहीत. ही गोष्ट त्यांनी नंतर कोणाला सांगितलीही नाही — मला माहीत आहे, कारण सांगितली असती तर चार वर्षं मला तेच नाव पडलं असतं.

आयटीआयचे वायरमन होते ते. पद परिचराचं, पण कॉलेजची प्रत्येक वायर त्यांच्या हाताखालून गेलेली. लॅब सुटल्यावर ते मला थांबवून घ्यायचे. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा — वायरीतल्या आठ तारांचा क्रम त्यांनी माझ्याकडून पाढ्यासारखा म्हणवून घेतला. वायरीच्या दोन्ही टोकांना नाव लिहायचं, एकाच टोकाला लिहिलं तर ती वायर बेवारस, हे त्यांचं. आणि केलेलं काम त्याच वेळी वहीत उतरवायचं, हेही त्यांचंच. लाल पुठ्ठ्याची वही होती. तारीख, भिंतीवरच्या घड्याळातली वेळ, काय उघडलं, काय बंद केलं. बॉलपेनने, सुवाच्य.

जठारपेठेतल्या त्यांच्या घरी मी किती वेळा जेवलो, मोजलेलं नाही. वहिनी माझं ताट न विचारता मांडायच्या. पुढे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अमरावतीच्या मुख्य कार्यालयात नेटवर्कची जागा निघाली, तेव्हा अर्ज भाऊंनी आणून दिला. मुलाखतीच्या दिवशी ते रजा टाकून माझ्यासोबत एसटीने आले आणि बाहेर पायरीवर बसून राहिले. मला नोकरी लागली. पुढे हुद्द्याने मी त्यांच्या वर गेलो. त्यांना त्याचा आनंद झाला — अगदी खरा. मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. मला फक्त मी कोणाशी काय केलं ते सांगायचंय, म्हणून इतकं मागचं.

कामाबद्दल थोडं सांगावं लागेल. इमारतीतल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्या पेटीत येऊन मिळतात तिला स्विच म्हणतात. वायर खोचायच्या तिच्या खाचा म्हणजे पोर्ट. पेटीत कोण शिरलं, कोणतं पोर्ट बंद केलं, याची नोंद ती स्वतःजवळ ठेवते, पण वीज गेली की नोंद पुसली जाते. आणि अकोल्यात वीज जाते. म्हणून ही नोंद — लॉग — दूरच्या सर्व्हरवर पाठवायची सोय करतात. संस्थेत ती मी केली. अमरावतीला एक जुना कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून ठेवला आणि अकोला, अमरावतीच्या प्रत्येक स्विचला त्याचा पत्ता दिला. आम्ही सगळे एकाच नावाने, एकाच पासवर्डने स्विचमध्ये शिरायचो. तो माणूस कोण, हे त्याच्या कॉम्प्युटरच्या क्रमांकावरून कळायचं. काम झाल्यावर सचिवांसमोर मी ते दाखवलं आणि म्हणालो, आता वहीची गरज नाही. भाऊ मागच्या खुर्चीत होते. वही त्यांच्या मांडीवर होती.

एक गोष्ट माझ्याकडून राहिली. सर्व्हरचं घड्याळ मी भारताच्या वेळेवर आणलं नाही. ते आलं तसंच, ग्रीनिचच्या वेळेवर राहिलं. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. नोंदी येत होत्या, मी खूश होतो. वेळ कोण बघतं?

मग विद्यापीठाची ऑनलाइन परीक्षा आली. केंद्र अकोल्याची लॅब. आदल्या दिवशी भाऊंचा फोन आला. "उद्या पेपर हाये बाप्पा. पाच वाजेपर्यंत स्विचले हात नको लावू." मी हो म्हटलं. हो म्हटलं आणि विसरलो — की विसरलो नव्हतो? मला वाटलं असावं की दोन मिनिटांच्या कामाने काय होतं. लॉगमध्ये फालतू नोंदींचा कचरा फार येत होता, आणि अकोल्याच्या स्विचची काही रिकामी पोर्टं बंद केली की तो थांबणार होता. सकाळी दहा वाजून आठ मिनिटांनी मी अमरावतीहून आत शिरलो आणि पोर्टांची यादी दिली. यादीत एक आकडा जास्त पडला. त्या पोर्टावर लॅब होती.

मी पडद्यावरचं नीट वाचलं नाही. चहाला गेलो.

अकोल्यात सगळी मुलं पेपरच्या मधोमध अडकली. भाऊंनी धावत जाऊन वायर दुसऱ्या पोर्टात लावली, पण तोवर वेळ गेली होती आणि पेपर रद्द झाला. मुलं रडली, पालक प्राचार्यांच्या दारात आले. दुपारी लॅब रिकामी होताच भाऊंनी आपल्या कॉम्प्युटरवरून ते जुनं पोर्ट उघडून पाहिलं. खराब असावं म्हणून पुन्हा बंद केलं. वहीत लिहिलं. दुपारचे तीन बेचाळीस.

सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा किती वाजले होते? दहा बारा.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला चौकशी. सचिव म्हणाले, पेपर दहा-सव्वादहाला बंद पडला, तर दहा ते साडेदहाचा लॉग छापून आणा. मी पान उघडलं. दहा बारा, लॅबचं पोर्ट बंद, भाऊंच्या कॉम्प्युटरवरून. क्षणभर मलाही वाटलं की हे भाऊंनीच केलं. आणि मला बरं वाटलं — हेही सांगून टाकतो. मग मी पान वर सरकवलं. चार अडतीस, तेच पोर्ट बंद, माझ्या कॉम्प्युटरवरून. पहाटे चार अडतीसला मी घरी झोपलेलो होतो.

म्हणजे चार अडतीस नव्हतेच. साडेपाच मिळवले. कागदावर नाही, बोटांवर. दहा आठ.

माझ्या हातात तेव्हा पाऊण तास होता. सचिवांची खोली जिना चढून तिसरं दार. मी दहा ते साडेदहा एवढंच पान छापलं. त्यांनी तेवढंच मागितलं होतं, नाही का?

खोलीत भाऊंनी वही पुढे केली. "साहेब, मी दुपारी बंद केलं. सकाळी तर ते आपोआपच बंद होतं. हे पाहा, लिहेल हाये." सचिवांनी वही उलटून पाहिली आणि म्हणाले की हाताने काय, नंतरही लिहिता येतं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, हा लॉग कोणाला बदलता येतो का.

मी म्हणालो, "लॉग मशीन लिहितं, सर. माणूस नाही."

या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच मी ते बोललो. याच्याइतकं खोटं मी आयुष्यात दुसरं काही बोललेलो नाही.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत काय होतं ते लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं — पण संशय नव्हता. ते वहीच्या त्या पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग माह्याच घड्याळात काही झालं असन."

त्यांनी मशीनवर विश्वास ठेवला, कारण ते मी बसवलं होतं.

सचिव निलंबनाचं बोलत होते. मी मधे पडलो — हो, पडलो. म्हटलं, जुने माणूस आहेत, बदलीवर भागवा. नेटवर्कचं काम काढून त्यांना बार्शीटाकळीच्या शाखेत पाठवलं, खुर्च्या-टेबलांच्या नोंदीवर. अकोल्याच्या स्विचच्या खोलीची किल्ली भाऊंनी तिथेच सचिवांच्या टेबलावर ठेवली. ती मीच उचलली.

पुढच्या आठवड्यात मी सर्व्हरचं घड्याळ नीट केलं. दोन ओळींचं काम. त्या दिवशीच्या लॉगमध्ये वेळ एकदम साडेपाच तास पुढे उडी मारते. कोणीही पाहिलं तर दिसेल. चार वर्षांत कोणी पाहिलं नाही.

भाऊ आता निवृत्त झाले. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. तू होतास म्हणून माझी नोकरी वाचली, असं ते म्हणतात. वहिनीही फोन घेतात आणि तेच म्हणतात. पहिल्या वर्षी तो फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या वर्षी जेवलो. यंदा मी फोनवर बोलता बोलता ऑफिसचा मेल वाचत होतो, आणि भाऊ काय म्हणताहेत याचं मला काहीच वाटलं नाही. ते लक्षात आलं तेव्हाही काही वाटलं नाही. हे कसं सांगू? दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात — दाबलेलं कळतं, दुखत नाही. तसं चार वर्षं.

भाऊंशी मी पुस्तकातल्या भाषेत कधी बोललो नाही. पत्रही तसं लिहिता आलं नाही. सोमवारी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. ते असं :

"भाऊ,

सोबत त्या परीक्षेच्या दिवसाचा पूर्ण लॉग जोडला हाये. दोन ओळींखाली पेनानं रेघ मारली हाये.

पयली ओळ ४:३८ ची. ते माहं काम. सर्व्हरचं घड्याळ मी साडेपाच तास मांग ठेवलं होतं. ते मिळवले का १०:०८ होतात. लॅबचं पोर्ट मी बंद केलं. तुमी आदल्या दिवशी फोन करून नको म्हटलं होतं.

दुसरी ओळ १०:१२ ची. ते तुमचं काम. मिळवले का दुपारचे ३:४२ होतात.

हे मले चौकशीच्या आधीच समजलं होतं. पाऊण तास आधी. मी सांगतलं नाई. नंतर घड्याळ एकट्यानं नीट केलं, तेही सांगतलं नाई.

हेच कागद आज सकाळी सचिवांच्या हातात देले, माह्या सहीनं. पोच घेतली. तिची झेरॉक्स जोडली हाये.

दिवाळीत तुमी म्हणता का मी होतो म्हणून नोकरी वाचली. तसं नाई हाये. वहिनीलेही सांगजा.

तुमच्या घड्याळात काही झालं नव्हतं. वहीतली वेळ बरोबर होती.

संतोष"