इराणचा पैलवान आमच्याकडं जेवायला

आमच्या आवीला यात्रेतल्या शेवटच्या कुस्तीत इराणच्या पैलवानानं पाडलं, असं अख्खं गाव म्हणतं. साफ खोटं आहे. त्याला मी पाडलं.

हल्ली आमच्या पारनेरकडच्या यात्रांनासुद्धा परदेशी पैलवान लागतो. पोस्टरवर गोरा चेहरा नसेल तर म्हणे फडाला गर्दी होत नाही! आमच्या यात्रा कमिटीनंही रझा नावाचा पैलवान आणला आणि उतरवला आमच्या घरी. (मानपान वगैरे काही नाही, गल्लीत कमोड फक्त आमच्याकडं!)

पोरगं गुणी होतं, माझ्या आवीच्याच वयाचं. पहिल्याच दिवशी "आई" म्हणायला शिकलं आणि मी पाघळले. सकाळी अंडी, दुपारी कोंबडी, संध्याकाळी दुधात कुस्करलेली भाकरी, वर तूप!

यात्रेच्या आदल्या दिवशी रझाशी लढणाऱ्या पैलवानाचा गुडघा सुजला आणि कमिटीनं आवीचं नाव लावलं. आवीचे वडील एवढंच म्हणाले, "ही मारलीस तर तालीम चालू. न्हाईतर सोमवारपासनं सुप्याच्या कंपनीत कामाला." मिसरूड फुटायच्या आधीपासून माझं पोर त्या तालमीत राबलेलं. त्याचं सगळं या एका कुस्तीवर आलं.

जेवताना आवी हळूच म्हणाला, "आई, आता तरी त्याला तूप वाढू नको!"

"व्वा रं शहाण्या! ताटावर बसलेल्या पाव्हण्याला हात आखडू व्हय?" असं म्हणून मी रझाला आणखी एक पळी वाढली.

दुसऱ्या दिवशी फडात मी बायकांच्यात अगदी पुढं बसले. आवीनं पट काढला, कब्जा घेतला आणि रझाला मातीत दाबून उलटा करायला लागला! गाव उभं राहिलं. हलगी कडाडली. तेवढ्यात रझा कळवळून ओरडला, "आई!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आवी, हळू रं! पाव्हणा हाय त्यो!"

आईनं हाक मारली की हातातलं सोडून वर बघायचं, हे वळण मीच लावलेलं. आवीनं वर बघितलं. रझानं त्याला अस्मान दाखवलं.

घरी येऊन आवी भिंतीकडं तोंड करून पडला. जेवला नाही. त्याच्या वडिलांनी सोमवारसाठी डबा काढून ठेवला. तो डबा बघून माझा जीव तुटत होता.

तेवढ्यात रझाला त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तिनंही कुस्ती मोबाईलवर बघितलेली. शाबासकी राहिली बाजूला, ती पोराला फाडफाड बोलत होती आणि तो एवढा पहाड मान खाली घालून उभा! मी माझा मोबाईल पुढं धरला. त्यातल्या भाषांतरवाल्या बाईनं सांगितलं, "ज्या घरचं खाल्लंस, त्याच घरच्या मुलाला पाडलंस?"

मला रडूच कोसळलं. म्हटलं, "बघ रं आवी, आई कुठल्या बी देशातली असू दे, सारखीच!"

आवी भिंतीकडं बघतच बोलला, "सारखी कशी? ती कुस्ती झाल्यावर वरडली!"